भेटलेली व्यक्ती

"मॅडम, तुमच्या मातोश्री हयात आहेत का?"

कर्ज विभागातल्या तांबवेकरांनी फाइलमधून मान वर न करताच हे विचारलं. त्यांचं एक बोट एका कागदावर होतं आणि दुसऱ्या हाताचं बोट दुसऱ्या कागदावर. माझ्या शेजारच्या खुर्चीत विक्रांत जगदाळे बसला होता, मांडीवर हेल्मेट घेऊन. आईचं घर तो विकत घेत होता आणि त्याच्या कर्जाच्या मंजुरीसाठी आम्ही दोघं पाच आठवडे थांबलो होतो.

"नाही. जानेवारीत गेली," मी म्हणाले. "दाखला फाइलमध्ये असेल."

"आहे ना. तीच तर अडचण आहे."

त्यांनी दोन्ही कागद फिरवून माझ्याकडे केले. डावीकडे मृत्यूचा दाखला. कुमुदिनी श्रीधर माईणकर, एकोणीस जानेवारी. उजवीकडचा कागद मी पहिल्यांदाच पाहत होते. घराची किंमत ठरवायला बँकेने पाठवलेल्या व्हॅल्युअरच्या जागापाहणीचा तो फॉर्म होता. छापील मजकूर इंग्रजीत, हाताने भरलेला मराठीत. तारीख एकवीस ऑगस्ट. 'जागेवर भेटलेली व्यक्ती' या ओळीपुढे लिहिलं होतं, कुमुदिनी श्रीधर माईणकर, स्वतः मालकीण. 'घर रिकामे की वापरात' यापुढे, वापरात, मालकीण राहतात. आणि खाली सही.

"ही सही कोणाची?" तांबवेकरांनी विचारलं.

'कु. श्री. माईणकर.' शेवटच्या 'र'चं टोक खाली ओढून डावीकडे नेलेलं आणि त्याचीच नावाखाली सरळ रेघ झालेली. नगरपालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिकवताना हजारो प्रगतिपुस्तकांवर झालेली सही. माझ्याही प्रगतिपुस्तकांवर होती.

"आईची आहे," मी म्हणाले.

विक्रांतने माझ्याकडे पाहिलं. तांबवेकर खुर्चीत मागे टेकले.

"मॅडम, बावीस वर्षं मी लोन बघतोय. बोगस पगारपत्रकं पाहिली, बोगस उतारे पाहिले. एकजण तर सहीला शेजारीण घेऊन आला होता, बायको म्हणून. पण मयत मालकिणीने सात महिन्यांनी दार उघडून सही दिली, हे माझ्या टेबलावर पहिल्यांदाच आलंय. लीगलवाल्यांनी फाइल थांबवली आहे. त्यांचं म्हणणं, एक तर दाखला खोटा, नाहीतर घरात कोणीतरी ताबा घेऊन बसलंय."

"दोन्ही नाही."

"मग एका ओळीचा खुलासा द्या. त्या दिवशी भेटलेली व्यक्ती कोण होती, आणि घरात आता कोणी राहत नाही. स्टॅम्पपेपरवर. दुसऱ्या दिवशी मंजुरी सोडतो. साठेखताची मुदत कधीपर्यंत आहे?"

"तीस सप्टेंबर," विक्रांत म्हणाला. "आज चार."

बाहेर आल्यावर तो स्कूटरपाशी थांबला. तो आयटीआयमध्ये शिकवत होता. बोलायला मोकळा, हसरा.

"काकू, माझा सिबिल सातशे ऐंशी आहे. पगार सरकारी. सर्च रिपोर्ट क्लीन. सगळ्यातून सुटलो आणि अडकलो कशात, तर आजींमध्ये!" तो हसला आणि लगेच ओशाळला. "सॉरी हं. पण त्या दिवशी घरात होतं तरी कोण?"

"मी होते."

"मग झालं की! तुम्हालाच बघितलं त्याने. लिहून टाका."

"मला तो भेटला नाही, विक्रांत. मी झोपले होते."

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. त्या गुरुवारचं जेवढं मला तेव्हा आठवत होतं, तेवढंच आजही आठवतं. त्यात भर पडलेली नाही.

मी तेव्हा छप्पन्न वर्षांची होते, चिंचवडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करत होते आणि एकटी राहत होते. आईला मूल मी एकच. साताऱ्यातलं तिचं घर, म्हणजे शिक्षक सोसायटीतल्या एका लहान प्लॉटवरच्या चार खोल्या, ठेवून करायचं काय, असं सगळे म्हणत होते आणि मीही तेच म्हणत होते. वारसाची नोंद झाली, साठेखत झालं. व्हॅल्युअर गुरुवारी अकरा ते एकच्या दरम्यान येईल, घर उघडून ठेवा, असा बँकेतून फोन आला. मी रजा घेतली. पहिल्या एसटीने निघून साडेनऊला कुलूप काढलं. वाट पाहता पाहता माळा आवरायला घेतला. धूळ एवढी उडाली की अंघोळ करावी लागली, आणि बदलायला कपडे आणले नव्हते म्हणून आईच्या कपाटातलं एक विटकं जांभळं सुती पातळ नेसले. मागच्या खोलीत तिच्या कॉटवर जरा टेकले. तेव्हा बारा वाजायला आले होते.

जाग आली तेव्हा पावणेचार झाले होते. जानेवारीपासून मी सलग दोन तासांहून जास्त झोपले नव्हते. दार ओढलेलं होतं. स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर दोन कप पालथे घातलेले. कप ओले होते का, हे मला नंतर अनेकांनी विचारलं. मी हात लावून पाहिला नाही. सकाळी मी चहा पेल्यात घेतला होता, एवढं मात्र आठवलं. बँकेत फोन केला की तुमचा माणूस आलाच नाही, तर म्हणाले, येऊन गेला, फोटो पण आलेत. बाहेरून मोजमाप घेऊन गेला असेल, असं मी धरून चालले.

बँकेतून मी परत पुण्याला गेले नाही. थेट घरी गेले.

शेजारच्या रशीदाभाभी ओसरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. आमची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असायची. आईपेक्षा त्या दहा वर्षांनी लहान, आणि आईला सगळ्या गल्लीसारखंच 'बाई' म्हणायच्या. त्यांची चारही मुलं आईच्या हाताखालून गेली होती.

"भाभी, गेल्या महिन्यात व्हॅल्युअर आला होता, आठवतंय? गुरुवार होता."

"तो काळी बॅग घेतलेला? आठवतंय की. त्याने बेल मारली, दोनदा. मग दार उघडलं."

"कोणी उघडलं?"

"मला काय दिसतंय इथून, उर्मिला? मधे तुमची जास्वंद आहे." त्यांनी एक काडी मोडली. "बोलणं ऐकू येत होतं. बराच वेळ बोलत होते."

"कोण बोलत होतं?"

"तो, आणि..." त्या थांबल्या. "जाऊ दे. कान म्हातारे झाले माझे."

"सांगा ना."

"मला बाईंचा आवाज वाटला. मी मनात म्हटलंसुद्धा, चला, बाई आज बऱ्या दिसतात, जाऊन बसावं. उठलेसुद्धा. चपला घालताना आठवलं." त्यांनी मेथीची जुडी सुपात ठेवली. "मग नाही आले मी. तुझ्या चाचांना पण नाही सांगितलं. म्हणतील, खुळी झाली."

मी घर उघडलं. भर दुपारचे दोन वाजले होते, खिडक्यांतून सगळीकडे ऊन आलं होतं आणि घर अगदी नेहमीसारखं दिसत होतं. मी प्रत्येक खोलीत जाऊन आले. मग पुढच्या खोलीत बसले.

मला भीती वाटली नाही. हे मी त्या वेळी कोणालाच सांगितलं नाही, पण मला जे वाटलं ते अधीरपण होतं. माझ्या आईने या घराचं दार उघडलं होतं, एका परक्या माणसाशी बोलली होती, त्याला चहा दिला होता, आणि मी दहा पावलांवर झोपले होते. पुन्हा.

पुन्हा म्हणाले, कारण ती गेली तेव्हाही मी झोपले होते. छातीच्या दुखण्याने ती बारा दिवस पडून होती. शेवटच्या तीन रात्री मी जागी होते. चौथ्या दिवशी दुपारी तिला जरा बरं वाटलं, पेज घेतली. मी कॉटशेजारच्या खुर्चीत बसले आणि माझा डोळा लागला. तासाभराने जागी झाले तेव्हा तिचा हात कॉटच्या कडेवरून खाली आला होता, माझ्या खुर्चीच्या दिशेने. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. सगळे म्हणाले, भाग्याचं मरण. हाताबद्दल मी कोणाला बोलले नाही.

तर बँकेला एका ओळीचा खुलासा हवा होता आणि तो मी दिला नाही.

मी रजा वाढवली आणि साताऱ्यातच राहिले. सकाळी आवरून, दाराची कडी न लावता, पुढच्या खोलीत बसायचे. बाराच्या सुमाराला चहा करायचे, दोन कप. एक निवून जायचा. दुपारी रस्त्यावरचे आवाज बंद होत, गल्लीतल्या बायका आडव्या होत, आणि घर कान देऊन ऐकत असल्यासारखं व्हायचं. एकदा मागच्या खोलीत कॉट करकरली. मी तशीच बसून राहिले, उठले तर ती थांबेल म्हणून. एकदा स्वयंपाकघरातून येताना गवती चहाचा वास आला. घरात गवती चहा नव्हता. तिच्या येण्याच्या या खुणा होत्या की माझ्या थकव्याच्या, ते मी ठरवत नव्हते. मी झोपत मात्र नव्हते. या वेळी झोपायचं नाही, एवढं पक्कं केलं होतं.

विक्रांतचे फोन येत. आधी रोज, मग दिवसातून दोनदा. मी म्हणायचे, वकिलांशी बोलते. मी कोणत्याही वकिलाशी बोलत नव्हते. घरात कोणी राहत नाही, हे वाक्य स्टॅम्पपेपरवर लिहायचं होतं आणि माझ्याच्याने ते लिहवत नव्हतं. लिहिलं आणि ती ऐकत असली तर?

बावीस तारखेला प्राजक्ता आली. विक्रांतची बायको, सिव्हिल हॉस्पिटलात नर्स. नववा महिना चालू होता. रिक्षातून उतरून ती पायऱ्या चढली ती कंबरेवर हात ठेवून. मी तिला आत घेतलं. तिने दोन कप पाहिले.

"काकू, विक्रांत तुम्हाला घाबरतो, म्हणून मी आले," ती म्हणाली.

"मला? मी काय करणार त्याला?"

"तेच मी म्हटलं. शिकवताना म्हणे वर्गात सिंह असतो." ती हसली, मग पाणी प्यायली. "आमच्या घरमालकाच्या मुलाचं लग्न दिवाळीत आहे. त्याला खोल्या एक तारखेला रिकाम्या हव्यात. मला सहा ऑक्टोबर दिलीय. सासूबाई म्हणतात, सोडा ते घर, तिथे म्हातारी फिरते. मी म्हटलं, आई, मी ज्या वॉर्डात काम करते तिथे रोज कोणी ना कोणी जातं. त्यांतलं कोणीही परत येऊन मला चहा देत नाही. दिला तर बरंच होईल, ड्युटीवर कोणी विचारत नाही."

मलाही हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

"तुम्हाला नसेल द्यायचं घर तर तसं सांगा," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती. "मी समजू शकते. माझी आई मी दहावीत असताना गेली. तिची साडी मावशीने बोहारणीला दिली तर मी गल्लीभर तिच्यामागे पळाले होते. पण सांगा, काकू. तीस तारखेपर्यंत असं लटकत नका ठेवू. मला कुठेतरी बाळंत व्हायचंय."

तिला रिक्षात बसवून मी तशीच पोवई नाक्याकडे चालत गेले. फॉर्मवर व्हॅल्युअरचं नाव आणि पत्ता होता: भोईटे, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, पहिला मजला. आई काय काय बोलली, ते त्याच्याकडून ऐकायचं, मग काय ते ठरवायचं, असा माझा विचार होता. मी रोजच्या पंजाबी ड्रेसमध्ये होते, खांद्यावर पर्स.

भोईटे पन्नाशीचे असतील. टेबलावर नकाशा पसरून पट्टीने काही पाहत होते. दार वाजलं तसं त्यांनी वर पाहिलं आणि घाईने उठून खुर्ची पुढे केली.

"अहो आजी! तुम्ही कशाला जिना चढलात? मुलीच्या हाती निरोप द्यायचा, मी आलो असतो."

मी मागे वळून पाहिलं. जिन्यात कोणी नव्हतं.

"मी उर्मिला," मी म्हणाले. "कुमुदिनी माईणकरांची मुलगी. आई जानेवारीत गेली."

भोईटे हसले, मग हसणं तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे बदलले. ते माझ्याकडे पाहत राहिले. मग बसले आणि कॉम्प्युटर सुरू केला.

"फोटो काढावाच लागतो," ते म्हणाले. "तारीख, वेळ, जागा, सगळं त्यावर आपोआप उमटतं. बघा."

एकवीस ऑगस्ट, बारा वाजून सेहेचाळीस मिनिटं. आमचं पुढचं दार. उंबऱ्यात आई उभी होती. जांभळं पातळ, पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेतलेला, पांढऱ्या केसांचा अंबाडा, डावा हात चौकटीवर उंच टेकवलेला. शाळा सुटल्यावर पोरं रांगेत बाहेर पडेपर्यंत ती वर्गाच्या दारात तशीच उभी राहायची. चेहरा शांत होता. डोळे थेट माझ्याकडे पाहत होते.

"आई," मी म्हणाले.

"नीट बघा, मॅडम," भोईटे हलकेच म्हणाले.

चौकटीवर टेकवलेल्या हातावर घड्याळ होतं. काळ्या रुंद पट्ट्याचं, पुरुषी. ते माझं होतं. त्या क्षणीही ते माझ्या मनगटावर होतं. जानेवारीपासून मी केस रंगवणं सोडलं होतं, आणि गेल्या आठ महिन्यांत आरशात फारसं पाहिलंही नव्हतं.

भोईट्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी प्यायले आणि मग जे तांबवेकरांना सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं.

शेवटची दोन वर्षं आईचा हात कापायचा. बँकेने तिचा फॉर्म सही जुळत नाही म्हणून दोनदा परत पाठवला. अंगठा उठवा, असं तिथल्या मुलीने सुचवलं. तीस वर्षं शाळा केलेली बाई. ती घरी येऊन दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी तिने मला समोर बसवलं, रेघांची वही दिली आणि म्हणाली, "उर्मे, काढ माझी सही." मी काढली. तिने तांबडं पेन घेऊन खाली लिहिलं, 'र गिचमिड. पुन्हा.' त्या दिवशी मी तिची सही चाळीस वेळा काढली. हे बेकायदेशीर आहे, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं आणि आम्ही दोघीही खूप हसलो होतो. त्यानंतर मी घरी असले की दारात जो कोणी कागद पुढे करी त्यावर, रजिस्टर पत्र असो, गॅस असो, सोसायटीची वर्गणी असो, मीच सही करायचे. कु. श्री. माईणकर. त्या उंबऱ्यात उभी राहून मी माझं स्वतःचं नाव कधी लिहिलंच नव्हतं.

"म्हणजे अर्धवट झोपेत उठून केलीत," भोईटे म्हणाले. त्यांना हे स्पष्टीकरण फार आवडलेलं दिसलं. "होतं असं. माझा चुलता झोपेत गुरं सोडायचा."

"मी बोलले काय तुमच्याशी?"

"तुम्हाला खरंच आठवत नाही?"

"नाही."

भोईट्यांनी पट्टी उचलून पुन्हा खाली ठेवली.

"चहा दिलात. गवती चहा घातलेला. मग न्हाणीच्या वरचा स्लॅब दाखवलात, म्हणालात, चौऱ्याण्णव साली गळत होता, गवंड्याने फसवलं, आतून अजून ओल असेल, लिहा. मी म्हटलं, आजी, किंमत कमी होईल, कशाला सांगताय? तर म्हणालात, घेणारी पोरं नवी आहेत, त्यांना कळायला हवं."

न्हाणीच्या वर ओल होती, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

"मी विचारलं, घर का विकताय? म्हणालात, मुलगी विकतेय, विकू दे, तिला हे ओझं झेपत नाही. मी विचारलं, मग तुम्ही कुठे राहणार? तर हसलात. म्हणालात, मी कुठे जाणार, मी इथेच. म्हणून मी लिहिलं, मालकीण राहतात." ते थांबले. "माझी चूक झाली, मॅडम. ओळखपत्र बघायला हवं होतं. पण शंका घेण्यासारखं काही वाटलंच नाही."

"तुमची नाही," मी म्हणाले.

भोईट्यांनीच मार्ग सांगितला. मी खुलासा लिहून द्यायचा की त्या दिवशी भेटलेली व्यक्ती मी होते. ते नव्याने पाहणी करतील, जुना फॉर्म रद्द होईल. "नाहीतरी एक खोली मोजायची राहिली होती," ते म्हणाले. "ती मी नकाशावरून धरली होती."

खुलासा मी दुसऱ्याच दिवशी लिहिला. स्टॅम्पपेपरवर पहिलं वाक्य लिहिणं सोपं गेलं. दुसरं, घरात कोणी राहत नाही, हे मी गाळलं. नोटरीने ते विचारलं नाही. तांबवेकरांनी मात्र दोन मिनिटांत ओळखलं. "अर्धाच आहे," ते म्हणाले. "असो. रिकामं असल्याचं व्हॅल्युअर लिहील. त्याच्या समोर सांगा."

जगदाळ्यांची मुलगी आता नऊ वर्षांची होईल. ते त्याच घरात राहतात. तिथे कधी कोणी दिसलं का, असं मी प्राजक्ताला विचारलेलं नाही आणि तिनेही आपणहून कधी विषय काढलेला नाही. आम्ही दिवाळीला फोन करतो.

भोईटे सव्वीस तारखेला साडेअकरा वाजता आले. मी जागी होते, माझ्या स्वतःच्या कपड्यांत होते, आणि बेल वाजायच्या आधीच दार उघडून उभी होते. त्यांनी पुढची खोली पुन्हा मोजली, स्वयंपाकघर मोजलं, स्टुलावर चढून न्हाणीच्या वरच्या स्लॅबला हात लावला आणि ओला तळवा मला दाखवला. मग मागच्या खोलीच्या दाराशी येऊन थांबले. दार नुसतं लोटलेलं होतं.

"ही खोली का राहिली होती?" मी विचारलं.

भोईटे टेपचं टोक बोटांत फिरवत राहिले.

"मी त्या दिवशी सांगितलं नाही तुम्हाला. म्हटलं, आधीच एवढं झालंय." त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही, म्हणजे ज्या होत्या त्या, मला आत येऊ देत नव्हत्या. इथे अशा आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ही खोली राहू द्या, आत मुलगी झोपलीय. सात महिन्यांनी डोळा लागलाय तिचा, उठवू नका. मी म्हटलं, दोन मिनिटांत मोजतो. तर ओठांवर बोट ठेवलं. म्हणून मी हळूच निघालो."

"आत पाहिलंत?"

"नाही हो. बाईमाणूस झोपलेलं असताना कसं पाहणार?" मग थोड्या वेळाने, "दार असंच लोटलेलं होतं."

मी दार ढकललं. कॉट, भिंतीशी खुर्ची, गज असलेली एक खिडकी. उन्हाचा चौकोन फरशीवर पडला होता. मी टेपचं टोक हातात घेतलं, कॉटच्या मागे वाकून भिंतीला लावलं आणि धरून ठेवलं.

"दहा फूट दोन इंच," भोईटे म्हणाले. "आता इकडून."

मी दुसऱ्या भिंतीशी गेले.

"नऊ फूट पाच."

त्यांनी आकडे लिहिले. वही गुडघ्यावर ठेवून फॉर्मचा खालचा रकाना काढला.

"सध्या कोण राहतं?" त्यांनी विचारलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या खोलीत आल्यापासून आम्ही दोघंही कुजबुजत होतो. भोईट्यांनी पेन टेकवलं होतं आणि ते थांबले होते. मी खुर्चीकडे पाहिलं, कॉटकडे पाहिलं. उत्तर दिलं, पण ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.

"काय म्हणालात?"

"रिकामं," मी मोठ्याने म्हणाले, कोणी झोपलं असतं तर जागं झालं असतं एवढ्या मोठ्याने. "रिकामं लिहा."